तिच्या नावाचं नाट्यगृह

“अगं, साडेसहापर्यंत ये ज्योत्स्ना भोळेला. तिकिटं काढलीत मी.”

पुण्यात टिळक रस्त्यावर, हिराबागेपाशी, एक विशीतली मुलगी फोनवर हे बोलत होती आणि मी तिथेच थांबले. इथल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे त्या गायिका-अभिनेत्री ज्योत्स्नाबाई भोळे २००१ सालच्या ऑगस्टमध्ये गेल्या. या मुलीने त्यांना रंगमंचावर पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांचं एखादं नाट्यपद तिने आजीच्या रेडिओवर ऐकलं असेल, नसेलही. पण त्यांचं नाव तिच्या तोंडी असं आलं, जणू ओळखीच्या कुणा बाईंच्या घरीच जायचं आहे. मागून आलेल्या रिक्षावाल्यालाही एका गृहस्थांनी तोच पत्ता सांगितला आणि त्याने मान डोलावून मीटर टाकला.

त्या संध्याकाळी मला काय वाटलं ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. पुरस्काराचं नाव वर्षातून एकदा छापून येतं. पत्त्यात गेलेलं नाव मात्र रोज घेतलं जातं. चहावाला घेतो, पार्किंगवाला घेतो, कधी नाटक न बघणाराही घेतो. जिला तिच्या हयातीत कुणी ‘नाटकवाली’ म्हणून नाक मुरडलं असेल, तिचं नाव असं रोज सरळ, स्वच्छ, आदराने घेतलं जावं, याहून मोठा सन्मान मला सुचत नाही.

पुढच्या पानांत वाचकाला दोन प्रकारच्या जागा भेटतील. काहींना एखाद्या अभिनेत्रीचं नाव मिळालं आहे आणि काहींना अजून मिळायचं आहे. पनवेल तालुक्यातल्या विचुंबे गावच्या आम्ही काही नाटकवेड्या माणसांनी ही पुस्तिका काढायची ठरवली, त्यामागे एक मागणी आहे. ती शेवटी मांडते. आधी हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगायला हवं.

महाराष्ट्रातली नाट्यगृहं मनातल्या मनात आठवून पाहा. बालगंधर्व, गडकरी, घाणेकर, भावे, अत्रे, दीनानाथ, प्रबोधनकार, केशवराव भोसले, निळू फुले. थोर माणसं, आणि त्यांची नावं तिथे असायलाच हवीत. आमच्या पनवेलच्या नाट्यगृहाला शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आहे, आणि आत शिरताना दर वेळी मला त्याचा अभिमान वाटतो. बाईचं नाव शोधायला गेलात तर डोंबिवलीत सावित्रीबाई फुले आहेत, चिपळूणला इंदिरा गांधी आहेत. एक समाजसुधारक, एक पंतप्रधान. जिने तोंडाला रंग लावला, पायात चाळ बांधले, घरी तान्हं मूल ठेवून दौऱ्याची गाडी पकडली, तिचं नाव पाटीवर शोधायला मात्र फार हिंडावं लागतं.

यातही मला सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची. मराठी प्रेक्षकाने ज्या स्त्रीरूपावर सगळ्यात जास्त प्रेम केलं, जिचा शालू आणि जिचं चालणं बायकांनी उचललं, ती साकारणारा एक पुरुष होता. बालगंधर्वांची, म्हणजेच नारायणराव राजहंसांची, कला अजोड होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पन्नासहून अधिक वर्षं स्त्रीचं दुःख, स्त्रीचा राग, स्त्रीचं लाजणं हे सगळं पुरुषांनी उभं केलं, कारण खऱ्या स्त्रीला तिथे उभं राहू दिलं जात नव्हतं. ती उभी राहिली तेव्हा तिने काय मोजलं, याचा हिशेब आपण अजून पुरता केलेला नाही.

विचुंब्याच्या गच्चीवरून पावसाळा सरल्यावर पूर्वेला पाहिलं, की प्रबळगडाची लांब भिंत दिसते आणि तिच्या शेजारी एक टोकदार सुळका. सगळा पनवेल तालुका त्याला कलावंतीण म्हणतो. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आहेत; हल्ली शनिवार-रविवारी तरुण मुलामुलींची तिथे रांग लागते. माचीवरचे आदिवासी शिमग्याला त्या माथ्यावर जाऊन नाचतात. कुणा राजाने कुणा कलावंतिणीसाठी तो दुर्ग बांधला अशी दंतकथा सांगतात. मला त्या कथेतली एकच गोष्ट बोचते. राजाला राजा म्हटलं तरी चालतं, त्याला नावाची गरज नसते. पण जिच्यासाठी एवढा सुळका उभा आहे तिचंही नाव कुणी ठेवलं नाही. ‘कलावंतीण’ हा तिचा व्यवसाय झाला. तिला आई-वडिलांनी दिलेलं नाव काय होतं?

हाच प्रश्न मी लहानपणी माझ्या आजीला एका वेगळ्या बाईबद्दल विचारला होता. आज विचुंब्यात इमारती दाटल्या आहेत, गाढी नदीच्या पलीकडचं नवीन पनवेल आणि अलीकडचं गाव यांतला फरक बाहेरच्या माणसाला कळत नाही. तेव्हा इथे भातखाचरं होती आणि आजूबाजूच्या गावांत उत्सवाला नाटक बसायचं. वर्गणी काढायची, पडदे आणि ड्रेपरी भाड्याने आणायची, कुणाच्या तरी पडवीत महिनाभर तालमी व्हायच्या. प्रत्येकाच्या हातात वहीच्या कागदावर उतरवून काढलेली आपापली नक्कल. राजा, प्रधान, खलनायक, विनोदी नोकर हे सगळे गावातलेच. दिवसा शेतावर किंवा पनवेलच्या बाजारात, रात्री तालमीला. नायिका मात्र गावातली नसायची. ती मुंबईहून आणायची. एका रात्रीचे पैसे ठरायचे, ती दुपारच्या एस.टी.ने एक पत्र्याची पेटी घेऊन उतरायची, संध्याकाळी एकदा सगळ्यांबरोबर वाचन करायची आणि रात्री दहाला पडदा उघडला, की चार तास तीच ते नाटक खांद्यावर घेऊन न्यायची. आमचे राजे आणि प्रधान वाक्यं विसरायचे. ती त्यांची वाक्यंही सांभाळून घ्यायची.

मला आठवणारी ती बाई शाळेच्या वर्गात उतरली होती. तिथेच दोन बाकांमध्ये लुगडं बांधून तिने कपडे बदलले. गावातल्या बाया दारातून डोकावून जात होत्या, आत कुणी जात नव्हतं. माझी आजी गरम पाण्याची कळशी घेऊन आत गेली. “हे घे बाय, पाय शेक आधी,” एवढंच म्हणाली आणि तिच्या जवळ बसून राहिली. रात्री त्या बाईने पोराला हरवलेल्या आईचं काम केलं तेव्हा डोकावून गेलेल्या त्याच बाया पदराला डोळे पुसत होत्या. नाटकाच्या फळ्यावर खडूने सगळ्या पुरुषांची नावं लिहिली होती, अगदी पडदा ओढणाऱ्याचंही. तिच्यापुढे लिहिलं होतं: स्त्री भूमिका, मुंबईच्या कलाकार. सकाळी ती पहिल्या गाडीने गेली. आजीला मी नाव विचारलं तेव्हा आजी म्हणाली, विचारायचं राहिलं गं. पुढे कितीतरी वर्षं आजीला ते लागून राहिलं होतं.

कोकणातल्या, आगरातल्या कितीतरी गावांची नाटकं अशा बायकांनी तारली आहेत. ही पुस्तिका आधी त्यांची आहे.

आता थोडा मागचा इतिहास. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामाला एकही स्त्री तयार होईना, आणि शेवटी एका खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसावं लागलं, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षीच्या पुढच्या गोष्टीकडे आपलं तितकं लक्ष जात नाही. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची. आई-मुलगी दोघीही नाटकातून आलेल्या. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया या मराठी रंगभूमीने दिलेल्या आहेत. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. एका घरातल्या एवढ्या पिढ्यांचा अभिनय ज्या बाईपासून सुरू होतो, त्या दुर्गाबाईंना नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर मुलीला घेऊन पोट भरायचं होतं. बाईने तोंडाला रंग लावणं म्हणजे समाजातून उठणं, असा तो काळ होता.

नाटकात हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या बहिणींनी स्वतःची मंडळी काढली, स्त्रीच्या भूमिका स्त्रियांनी करायला सुरुवात केली आणि घरंदाज प्रेक्षकाला ते पाहायची सवय लावली. मग आला १ जुलै १९३३. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते, अनंत काणेकर अशी जिद्दीची माणसं त्यात होती. श्री. वि. वर्तकांनी ते नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून लिहिलं होतं. त्यातला प्रश्न आजही बोचरा आहे: लग्नाआधीच्या चारित्र्याची जी अट पुरुष बाईला घालतो, ती बाईने पुरुषाला का घालू नये? हा प्रश्न विचारणारी नायिका बिंबा. ती भूमिका एखाद्या तरुणाने लुगडं नेसून केली असती तर प्रश्नाचा जीवच गेला असता. ती केली अवघ्या एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्ना भोळ्यांनी, आणि त्यांच्या जोडीला होत्या पद्मावती वर्तक. रंगमंचावर रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरी वाटावी अशी खोली होती, गाणी मोजकी होती, आणि त्या खोलीत खरीखुरी बाई उभी राहून बोलत होती. आधुनिक मराठी रंगभूमीची सुरुवात मोजायची तर बरेच जाणकार त्या तारखेपाशी थांबतात. माझ्यापुरती तरी मी तिथेच थांबते.

ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्याच्या. फोंडा भागातल्या बांदिवड्याला ११ मे १९१४ रोजी त्यांचा जन्म, माहेरचं नाव दुर्गा केळेकर. बांदिवडं म्हणजे महालक्ष्मीचं आणि नागेशीचं देऊळ, तळी, पहाटेचा चौघडा; सूर तिथे हवेतच असतो. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर याही नावाजलेल्या गायिका. गाणं शिकायला दुर्गा मुंबईला आली आणि १९३२ साली केशवराव भोळ्यांशी लग्न होऊन ज्योत्स्ना भोळे झाली. केशवराव हे संगीताचे मर्मज्ञ. ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गाण्यावर जे लिहिलं ते आजही वाचावं. ‘प्रभात’मध्ये ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ अशा चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. नवरा-बायकोंपैकी एक सिनेमात आणि एक नाटकात, असं ते घर.

सिनेमा आणि नाटक यांतली ही वाट ज्योत्स्नाबाईंच्या सगळ्यात गाजलेल्या भूमिकेतून जाते. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने ‘कुलवधू’ आणलं. त्यातली भानुमती ही विवाहित स्त्री आणि चित्रपटातली अभिनेत्री. घरातल्या बाईने सिनेमात काम केलं, तिचं नाव झालं, पैसा आला, आणि तिच्या नवऱ्याच्या मनाला ते सोसेना. म्हणजे लग्न झालेली, घर सांभाळणारी एक खरी अभिनेत्री प्रेक्षकांपुढे उभी राहून सांगत होती, की लग्न झालेल्या, घर सांभाळणाऱ्या अभिनेत्रीच्या वाट्याला काय येतं. मास्तर कृष्णरावांच्या चालींवरची त्यांची त्यातली पदं महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, दिवाणखान्यात लावली, मुलींना शिकवली. पण त्या पदांच्या गोडीत नाटकाचा प्रश्न विरून जाऊ नये, असं मला नेहमी वाटतं. ‘नटी’ आणि ‘कुलवधू’ हे दोन शब्द एका बाईला लागू शकतात, हे सांगायला तेव्हा एक अख्खं नाटक लागलं. ज्योत्स्नाबाईंनी ते रंगमंचावरही सांगितलं आणि जगूनही दाखवलं.

इथे मला पुण्याहून दूर, कोलकात्याला जावं लागेल, कारण नावाची किंमत तिथे जितकी उघडी झाली तितकी कुठेच झाली नाही. बिनोदिनी दासी ही बंगाली रंगभूमीची पहिली मोठी नायिका. गिरीशचंद्र घोषांच्या नाटकांतून तिने बंगालला वेड लावलं. १८८३ च्या सुमारास मंडळींना स्वतःचं थिएटर हवं होतं. पैसा घालायला तयार झालेल्या एका धनिकाची अट बिनोदिनीशी बांधलेली होती. तिने ती पत्करली, सहकाऱ्यांच्या स्वप्नासाठी स्वतःचं आयुष्य गहाण टाकलं. थिएटरला तिचं नाव देऊ, असं तिला सांगितलं गेलं होतं. नोंदणीची वेळ आली तेव्हा नाव दिलं ‘स्टार’. वारांगनेच्या पोटी जन्मलेल्या नटीचं नाव पाटीवर असेल तर भले लोक यायचे नाहीत, हे कारण. पंचविशीही गाठण्याआधी ती रंगभूमी सोडून गेली आणि पुढे आत्मचरित्रात तिने ही जखम स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवली. १९४१ मध्ये ती गेली. तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिलेली मूळ इमारतही राहिली नाही. ‘स्टार’ दुसऱ्या जागी गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की स्टार थिएटरचं नाव यापुढे बिनोदिनीचं असेल. दिलेला शब्द पाळायला एकशे एक्केचाळीस वर्षं लागली. ही बातमी मी विचुंब्याच्या घरात वाचली तेव्हा आजीच्या त्या कळशीची आठवण झाली.

म्हणून पुण्याच्या ज्योत्स्ना भोळे सभागृहाबद्दल मला इतकं प्रेम आहे. महाराष्ट्र कल्चरल सेंटर ही संस्था ते चालवते. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच ज्यांनी वाढवला, तीच ही मंडळी. हे सभागृह काही हजार खुर्च्यांचं भव्य रंगमंदिर नाही, आणि नेमकी तीच त्याची ताकद आहे. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं, जाहिराती, दौऱ्याची बस हे गणित व्यावसायिक निर्मात्यालाच झेपतं. कॉलेजातून बाहेर पडलेल्या सहा मुलांना एक दीर्घांक करायचा असेल, कुणाला कवितांचा कार्यक्रम करायचा असेल, नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या बँकेतल्या बाईला एकपात्री प्रयोग करायचा असेल, तर त्यांना लहान जागाच लागते. तिथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो. माईक लागत नाही. नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, श्वास चुकला तर कळतो, खोटं तर लगेच पकडलं जातं. काळे पडदे, थोडे दिवे, शिडीवर चढून स्पॉट नीट करणारा एखादा मुलगा, तिसरी घंटा, आणि अंधार. नव्या नाटकाचा जन्म अशाच अंधारात होतो. बिंबा १९३३ मध्ये ज्या धाडसाने उभी राहिली, ते धाडस करणाऱ्यांची पहिली पायरी ज्योत्स्नाबाईंच्या नावाच्या खोलीत असावी, यात मला फार मोठं औचित्य दिसतं. नाव आणि काम इतकं जुळलेलं क्वचित आढळतं.

परदेशातलं एकच उदाहरण देते. अमेरिकेत माँटाना राज्यातलं हेलेना हे गाव. मर्ना लॉय ही हॉलिवुडची नायिका त्या परिसरातली, १९०५ चा जन्म. १९३४ च्या ‘द थिन मॅन’ने तिला घराघरात नेलं. गावात तालुक्याचा जुना दगडी तुरुंग होता, तिच्या लहानपणच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गावकऱ्यांनी त्या तुरुंगाचं कलाकेंद्र केलं, त्यात नाटक, नाच, सिनेमा, मुलांचे वर्ग सुरू केले आणि १९९१ मध्ये त्याला मर्ना लॉयचं नाव दिलं. तेव्हा ती हयात होती. मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक, त्यांनी नवी चकचकीत इमारत बांधायची वाट पाहिली नाही, पडून असलेल्या दगडी भिंतींतच रंगमंच घातला. दुसरी, नाव द्यायला त्यांनी तिच्या मरणाची वाट पाहिली नाही. जगभर फिरून आलेली ती मूळ आपल्या गल्लीतली मुलगी आहे, हे त्या गावाने तिला तिच्या कानांनी ऐकू दिलं.

आता मी घरी, पनवेलला येते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आमच्या उंबऱ्यावरून सुरू होतो. कळंबोलीहून निघालं की थोड्याच वेळात पहिला बोगदा लागतो, भाताणचा. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून परतताना त्या बोगद्याजवळ झालेल्या अपघातात अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. वय बावन्न. ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगमंचावर आलं तेव्हा पु. लं.नी शॉच्या नाटकाला मराठी देह दिला होता, पण त्या देहात प्राण घातला भक्तीबाईंनी. फुलं विकणाऱ्या मुलीच्या रांगड्या बोलीपासून सुरुवात करून त्या मराठी भाषेच्या एकेका पायरीने वर चढत गेल्या, आणि शेवटी जे उभं राहिलं ते एका मुलीचं स्वाभिमानाने बोलणं होतं. दूरदर्शनवर बातम्या सांगणारा तोच आवाज घरोघरी ओळखीचा होता. १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’त संपादिका शोभा म्हणून त्याच बाई देशभर पोचल्या. त्यांचं ‘आई रिटायर होते’ हे नाटक पाहून आमच्या घरात दोन दिवस कुणी आईला चहा करायला सांगितलं नव्हतं, हे मला लख्ख आठवतं.

भाताण पनवेल तालुक्यातलंच. त्या रस्त्यावरून आजही रोज नाटकाच्या बसगाड्या जातात, रात्रीचा प्रयोग करून पहाटे परततात, पुढच्या सीटवर मान टाकून झोपलेली एखादी अभिनेत्री घेऊन जातात. बोगद्यातून जाताना माझे हात आपोआप जुळतात. पण हात जोडून काम संपत नाही, असं आम्हा मंडळींना वाटलं आणि ही पुस्तिका निघाली.

विचुंबे, उसर्ली, देवद, आकुर्ली, सुकापूर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत लोकवस्ती इतकी वाढली आहे, की इमारतींची नावंही आता लक्षात राहत नाहीत. कोकणातून, घाटावरून, मुंबईच्या चाळींतून आलेली माणसं इथे आहेत. प्रत्येकाच्या बरोबर गावचं एखादं नाटक आलं आहे. गणपतीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं एकांकिका करतात आणि तालमीला जागा नाही म्हणून जिन्यात उभी राहून वाक्यं म्हणतात. कलावंतीण डोळ्यांसमोर असलेल्या या गावांत, नाटकाला लागेल एवढी एक लहान जागा मागणं हा हट्ट नाही.

आमची मागणी अशी. गाढीच्या काठच्या आमच्या या गावांत जो पहिला सार्वजनिक रंगमंच होईल, समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर असो की शाळेच्या जुन्या वर्गात, त्याला भक्ती बर्वे यांचं नाव द्यावं. तीस फूट रुंद मंच, काळे पडदे, बसायला दीडशे माणसांची सोय एवढं पुरे. मात्र एक गोष्ट सोडू नये. मंचाच्या मागे बायकांसाठी स्वतंत्र रंगपट असावा, त्याला आतून कडी असावी, मोठा आरसा असावा, आणि गरम पाण्याचा नळ असावा. आणि प्रत्येक प्रयोगाच्या फलकावर काम करणाऱ्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव लिहिलं जावं.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या नाटकात एका रात्रीसाठी आलेल्या, फळ्यावर नाव न लिहिलेल्या एखाद्या अभिनेत्रीचं नाव तुमच्या घरातल्या कुणा वयस्कर माणसाला आठवत असेल, तर ते विचारून घ्या आणि आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत ती नावं छापायला आम्ही शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत.

विचुंबे, ता. पनवेल